खांद्यावरची पाल

काशीहून आल्यावर आळीतल्या बायका गंगाजल न्यायला आल्या आणि प्रत्येकीने दर्शन कसं झालं ते विचारलं. दर्शन झालं. धक्के खाऊन झालं, पण झालं. घाट पाहिले, नावेत बसले, कचोरी-जिलबी खाल्ली. ते सगळं सांगते. पण आधीच सांगून ठेवते, माझ्या या प्रवासात विश्वनाथाइतकाच एक वाढपी आहे, आणि त्याच्यापायी मी काशीसारख्या ठिकाणी खोटं बोलून आले आहे.

कराडला स्टँडच्या मागच्या बाजूला आमची खानावळ आहे. गल्ल्यावर मी बसते, भट्टीकडे आमचे हे बघतात. इतकी वर्षं लोकांना जेवायला घालून मला एक विद्या चांगली आली, ती म्हणजे संशय घेण्याची. भाजीवाला वर ताजी आणि खाली शिळी लावतो. गिऱ्हाईक पोट भरल्यावर डाळीत स्वतःचाच केस टाकतं आणि पैसे द्यायला कुरकुर करतं. त्यामुळे कोणी गोड बोललं की माझा हात आधी कमरेच्या पिशवीकडे जातो. आमच्या भिंतीवर एक पाटी आहे, 'वाढप्यांना टीप देऊ नये'. ती मीच लावून घेतली. माझ्या माणसांना मी पगार देते, दोन वेळचं जेवण देते, दिवाळीला कपडे देते. त्यांनी गिऱ्हाइकापुढे हात का पसरावा?

माझ्याबरोबर वन्सं होत्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, साताऱ्याला शाळेत शिकवायच्या, आता पेन्शनीत आहेत. स्वभाव माझ्या अगदी उलटा. रिक्षावाल्याने सुटे नाहीत म्हटलं की ह्या म्हणणार, राहू दे बाळा. मी आयुष्यभर त्यांचे सुटे परत मागत आले आहे.

गोदौलिया

स्टेशनवरच्या रिक्षावाल्याने आधीच सांगितलं की गोदौलिया चौकाच्या पुढे गाडी सोडत नाहीत, तिथून चालावं लागेल. मी म्हटलं, झालं सुरू. त्याच्याशी चौकापर्यंत भांडले, आणि चौकात खरोखरच पोलिसाने दोर बांधून रस्ता अडवला होता. वन्संनी माझ्याकडे बघितलं, मी सामानाकडे बघितलं. पिशव्या उचलून गर्दीतून, सायकलरिक्षांतून, रस्त्यात पाय दुमडून बसलेल्या एका सांडाला वळसा घालून आम्ही लॉजवर पोचलो.

लॉजच्या तळमजल्यावर शाकाहारी हॉटेल होतं. अख्खा देश तिथे जेवायला. दारात मॅनेजर उभा, पोट सुटलेला, कपाळावर गंध. येणारी माणसं कोणती भाषा बोलतात ते ऐकायचा आणि त्या हिशोबाने टेबल दाखवायचा. गुजराती असले की खिडकीकडे, गोरे असले की पंख्याखाली, मद्रासकडचे असले की त्यांची बोली थोडीफार जाणणाऱ्या वाढप्याकडे. बसने आलेल्या मोठ्या पार्ट्या मागच्या हॉलमध्ये. आम्ही दोघीच होतो, म्हणून आम्हाला भिंतीकडेचं छोटं टेबल मिळालं.

आमचा वाढपी पन्नाशीचा होता. अंगाने काटकुळा, पिकल्या मिशा, अंगात तांबडं जाकीट. नाव दिनकर, ते मॅनेजरच्या हाकेवरून कळलं. बोलायचा शुद्ध हिंदी, तेही मोजकं. पण त्याने ताट मांडलं आणि माझ्या डोक्यात पहिली घंटा वाजली. तिकडे लिंबू, चटणी, कांदा सगळं एका वाटीत कोंबून देतात. याने मीठ वर मधे ठेवलं, लिंबाची फोड आणि चटणी डाव्या अंगाला, भाजी उजव्या अंगाला. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढतात तसं. हे याला कोणी शिकवलं?

जेवताना आमचा वाद सुरू झाला. वन्सं म्हणाल्या, माणूस बरा दिसतोय, जाताना काहीतरी ठेवूया. मी म्हटलं, अजिबात नाही. थाळीचे एवढे पैसे घेतात त्यात वाढणंही आलंच, पगार मालकाने द्यायचा की आपण? वन्सं म्हणाल्या, आणि मालक देत नसला तर? मी म्हटलं, मग त्याने मालकाशी भांडावं, आपल्याकडे केविलवाणं बघू नये. हे सगळं त्याच्यासमोर, खणखणीत मराठीत. त्याला काय कळतंय, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. वर हेही सांगितलं की माझे पैसे कमरेच्या पिशवीत आहेत आणि तुमचे सुटकेसच्या तळाशी, साड्यांखाली.

मग मी म्हटलं की पापड मऊ पडलाय. कोणाला हाक मारली नव्हती, तक्रार केली नव्हती. दोन घास होतायत तोच दिनकर आला, मऊ पापड उचलला आणि कडक ठेवून गेला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मी खोलीवर जाऊन पहिल्यांदा वन्संच्या सुटकेसला कुलूप घातलं. त्याआधी बिल देताना काउंटरवर थाळी महाग आहे हेही मॅनेजरला ऐकवलं होतं. त्याने हात जोडले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शिंदे घाट

सकाळी मलइयो खाल्लं. थंडीत मातीच्या कुल्हडात मिळतं, केशर घातलेल्या दुधाचा नुसता फेस. जिभेवर ठेवला की गेला. मी म्हटलं, हवेचे पैसे घेतात हे लोक. पण दुसरा कुल्हड मीच मागितला, हेही सांगायला हवं.

नावेतून शिंदे घाटाकडे गेलो. तिथे पाण्यात कललेलं एक देऊळ आहे, अर्धं गाळात रुतलेलं. नावाड्याने गोष्ट सांगितली की एकाने आईसाठी देऊळ बांधलं आणि आईचे पांग फिटले म्हणून बढाई मारली, तेव्हापासून ते वाकलं. वन्संचे डोळे भरून आले. गोष्ट संपताक्षणी नावाडी म्हणाला, भाडं ठरलंय ते ठरलंय, गोष्टीचं जे काय खुशीने द्याल ते. घाटावर गंध लावणाराही तेच म्हणाला, चपला सांभाळणाराही तेच. खुशीला आकडा नसतो, म्हणूनच फसवायला ती सगळ्यात सोयीची. ठरलेल्या भावात माणूस एकदाच लुबाडतो, खुशीत त्याला वाटेल तितक्यांदा.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी ठरवूनच आले होते. दिनकर कढी वाढत होता. मी चेहऱ्यावरची रेषही न हलवता, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात म्हटलं, "वन्सं, ह्याच्या खांद्यावर पाल आहे बघा."

कढीचा डाव वाटीत पडला आणि दिनकरने दोन्ही हातांनी खांदा झटकला.

हिंदीत पालीला छिपकली म्हणतात. म्हणजे हा गडी पहिल्यापासून सगळं ऐकत होता, पिशवीचं, सुटकेसचं, सगळं. त्याच्या तोंडचा रंग उडाला. त्याने हात जोडले, ओठ हलवले, पण मला आता कशाचं ऐकायचंय? मी तशीच उष्ट्या हाताने काउंटरवर गेले आणि माझ्या मोडक्या हिंदीत मॅनेजरला सगळं सांगितलं. तुमच्या या माणसाला मराठी येतं, लपवून ठेवतो, गिऱ्हाइकांचं चोरून ऐकतो. पालीचं सुद्धा सांगितलं, मोठ्या ऐटीत.

मॅनेजर रागावेल असं वाटलं होतं. तो तर खूश झाला. दिनकरला बोलावून म्हणाला, इतकी वर्षं कधी बोलला नाहीस. दिनकर खाली बघत म्हणाला की थोडं थोडं समजतं, बोलता येत नाही. मॅनेजरने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मागच्या हॉलकडे बोट दाखवलं. रात्रीच्या जेवणाला आमच्या टेबलावर दुसराच वाढपी आला. त्याने लिंबू, चटणी, कांदा एका वाटीत कोंबून आणलं.

रामघाट

दुसऱ्या दिवशी वन्संना रामघाटाकडच्या गल्ल्या बघायच्या होत्या. तिथे जुनी मराठी घरं आहेत, वेदपाठशाळा आहेत असं त्यांनी ऐकलं होतं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून म्हैस आली तर कोणाच्यातरी ओट्यावर चढायचं. एका खिडकीतून आई मुलाला आंघोळीला हाक मारत होती, मराठीत. वन्सं तिथेच थबकल्या. मी म्हटलं चला, लोकांच्या खिडक्यांत काय बघता.

पुढच्या वळणावर दुधाची बरणी घेऊन दिनकर उभा होता. मी पिशवी घट्ट धरली. मनात म्हटलं, पाठलाग करत आला की काय. पण तो पाठलागाला दुधाची बरणी कशाला आणेल? तो जवळ आला आणि पहिल्यांदा आमच्याशी मराठीत बोलला. मऊ, जुन्या वळणाचं मराठी, मधे मधे हिंदी शब्द पेरलेलं.

"मावशी, तुम्ही चोर समजलात तर समजा. पण मॅनेजरला सांगायला नको होतं. माझं बडं नुकसान झालं."

मी विचारलं, मराठी असल्याने कसलं नुकसान? स्वतःची भाषा लपवणारा माणूस मला तर आणखीच संशयाचा वाटतो. तेव्हा त्याने एका बंद दुकानाच्या पायरीवर बरणी ठेवली आणि सांगितलं. हॉटेलात पगार नावाला. मालक म्हणतो बाकीचं टिपेतून सुटतं. म्हणजे कोणाला कोणतं टेबल मिळतं त्यावर कोणाच्या घरात काय शिजणार ते ठरतं. मागच्या हॉलमध्ये बहुतेक महाराष्ट्रातल्या पार्ट्या बसतात. त्यांचं जेवण सहलीच्या पैशातच आलेलं, त्यामुळे बिल नाही, आणि बिल नाही म्हणून टीपही नाही. ते काम आधी पाळीपाळीने सगळ्यांकडे यायचं. म्हणून तो रुजू झाल्यापासून तोंडातून मराठीचा शब्द काढत नव्हता. आता मॅनेजरने हॉल कायमचा त्याच्या गळ्यात घातला होता. त्याच्या दोन खोल्यांचं भाडं टिपेतून जायचं, घरात आजारी बायको होती, आणि घरमालक थांबणाऱ्यातला नव्हता.

मी सहजासहजी हरणारी नाही. मी माझ्या पाटीचं सांगितलं. टीप बंद करा, पगार मागा, सगळे वाढपी एक व्हा. भीक मागितल्यासारखं बख्शिशीवर कशाला जगता?

तो हसला नाही की चिडला नाही. "आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. माझे वडील दक्षिणेवर जगले. कोण किती देईल ते बघत. मला ते नको होतं, म्हणून नोकरी धरली. मजुरीची नोकरी. इथे येऊन बघतो तर मालकाने दक्षिणाच ठेवली आहे, फक्त नाव बदलून." मग म्हणाला, "तुमची पाटी ठीक आहे मावशी, तुम्ही तनख्वाह देता. पण तुमच्याकडे जेवणारी माणसं इकडे येतात ती पाटी डोक्यात घेऊनच येतात. तनख्वाह मात्र बरोबर आणत नाहीत."

वन्सं हळूच म्हणाल्या, बघा. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी विचारलं, मग आता मी काय करायचं?

तो म्हणाला, मॅनेजरला सांगा तुमची गलती झाली, ह्याला मराठी येत नाही.

विश्वनाथाच्या गावात मी खोटं बोलू? एका वाढप्याच्या सांगण्यावरून? मी तसं म्हटलं, जरा तोऱ्यातच. त्याने बरणी उचलली, राहू द्या म्हणाला आणि गल्लीत शिरला. त्यानंतर आम्ही बालाजी घाटापर्यंत गेलो. वन्सं पायऱ्यांवर बसून गंगेकडे बघत होत्या आणि मी हिशोब घालत होते. आजारी बायको, घरमालक, दक्षिणेवरचे वडील. सगळं फारच जुळून येत होतं. गिऱ्हाइकाला पाझर फुटावा म्हणून रचलेल्या अशा कहाण्या मी गल्ल्यावर ढिगाने ऐकल्या आहेत. वन्संनी पर्स उघडायला सुरुवात केली तेव्हा मी ती मिटली. आधी बघू, मग बोलू.

मागचा हॉल

दुपारी मी मागच्या हॉलच्या दाराशी हात धुवायच्या नळाजवळ उभी राहिले. आपल्याकडची मोठी पार्टी बसली होती. टोप्या, गळ्यात सहलीचे बिल्ले, पिशव्यांतून बाहेर आलेली शेंगदाण्याची चटणी आणि भडंग. दिनकर एकटा पळत होता. कोणाला गरम पाणी, कोणाला बिनतिखटाचं, कोणाला पोळी नको फुलकाच. एक बाई शेजारणीला सांगत होती, मॅनेजर म्हणतो हा मराठी आहे, पण तोंडातून शब्द नाही, नुसतं जी जी करतो. तो खरोखर जी जी करत होता. घामाने जाकीट पाठीला चिकटलं होतं.

जेवण आटोपलं. एका आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, अगदी घरच्यासारखं जेवलो, देव तुमचं भलं करो. मनापासून सांगितलं, त्यात खोट नव्हती. मग मंडळी उठली, बडीशेप मूठमूठ भरून रुमालात बांधून घेतली आणि बसकडे गेली. टेबलांवर उष्टी ताटं आणि रिकाम्या बडीशेपेच्या वाट्या राहिल्या. त्याच वेळी बाहेर खिडकीकडच्या गुजराती कुटुंबाने उठताना बिलाच्या पाकिटात नोट सरकवली, आणि तिथला वाढपी ती न बघता जाकिटात घालून पुढच्या टेबलाकडे वळला.

मला त्या पार्टीचा राग आला नाही, कारण ती माणसं माझीच होती. त्यांच्यात मीही तशीच उठले असते, बडीशेपेसकट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात माझा आणि अवलक्षण दुसऱ्याच्या घरात.

तरीही मी आधी सरळ रस्ता धरला. मॅनेजरकडे गेले आणि मीही याच धंद्यातली आहे असं सांगून म्हटलं, हॉलच्या वाढप्याचा पगार वाढवा, हे बरं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "माताजी, तनख्वाह बढ़ाएँगे तो थाली महँगी होगी. आपने तो पहले ही दिन कहा था, महँगी है."

मी पदर खोचला आणि सामान आवरायला वर गेले.

निघताना

निघायच्या दिवशी आम्ही लवकर जेवायला बसलो. हॉल अजून रिकामा होता, दिनकर टेबलं पुसत होता. जेवण झाल्यावर मी पिशवीतून नोट काढली आणि ताटाखाली ठेवली. आयुष्यातली पहिली टीप. वन्संनी न पाहिल्यासारखं करून पाण्याचा घोट घेतला, हे त्यांचं मोठेपण. पण एका नोटेने एका दिवसाचं निघतं, पुढच्या पार्टीचं निघत नाही, हे कळायला मला मास्तरीण लागत नव्हती. मी उठले आणि मॅनेजरकडे गेले.

म्हटलं, भाईसाब, मुझसे गलती हुई. त्या माणसाला मराठी येत नाही. कालची पार्टी नाराज होती, एक शब्द बोलत नाही म्हणत होती. मॅनेजरने डोळे बारीक केले. मी ज्या नजरेने भाजीवाल्याकडे बघते तीच ती नजर. त्याने पालीचं विचारलं. मी म्हटलं, मुंगी चावली असेल, योगायोग झाला. खोटं पकडायची मला सवय, बोलायची नाही.

त्याने दिनकरला हाक मारली आणि तो काउंटरसमोर येऊन उभा राहिला. मॅनेजर मला म्हणाला, आता मराठीत काहीही बोला. आणि तो माझ्याकडे नाही, दिनकरच्या तोंडाकडे बघत राहिला.

मी म्हटलं, तुमच्या खांद्यावर पाल आहे. दिनकरच्या पापण्या हलल्या नाहीत. मॅनेजर म्हणाला, और बोलिए.

मग मला काय झालं कोण जाणे. मी कराडच्या बोलीत भराभरा बोलत सुटले. "दिनकरराव, माझ्यामुळे तुमच्या पोटावर पाय आला. मी तुम्हाला चोर ठरवलं, आणि काल तुमची हकिगत ऐकूनसुद्धा तिच्यावर संशय घेतला. तुमच्या घरात ही बोली इतक्या पिढ्या जपली, आणि ती आमच्यापासूनच लपवायची पाळी आमच्या लोकांनीच तुमच्यावर आणली. मला माफ करा."

वन्सं भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

दिनकरने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे बघितलं, जसं कोणत्याही गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.

"माताजी," तो म्हणाला, "हिंदी में बोलिए न. हम समझे नहीं."